केतकीचा परवा

२ जून
केतकी गेली सार्डिनियाला. सीनिसच्या उत्खननावर, अख्खा समर. जागा एकच होती, अर्ज आम्ही दोघींनी केलेला. एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो, एकाच कुकरचा वरणभात खातो, आणि जागा तिला. बसपर्यंत तिची बॅग मीच ओढली. हसून हसून गाल दुखले.

५ जून
के.चे फोटो. एकीकडे भूमध्य समुद्र, दुसरीकडे खाजण, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला प्राचीन फिनिशियन व्यापाऱ्यांचं गाव, दगडी रस्ता थेट समुद्राकडे उतरतो. त्या गावावर माझा थीसिस आहे. तिचा विषय रोमन नाणी! मी इथे बेसमेंटमधल्या लॅबमध्ये खापरांवर नंबर घालतेय.

८ जून
आज फ्लेमिंगो. खाली लिहिलंय, 'किती क्यूट यार'. अगं, रोहित म्हणतात त्यांना. उजनीला बाबांनी दाखवलेत मला. आणि तिथली वाळू, गारगोटीची, तांदळाच्या कणीएवढी. उचलली तर दंड, म्हणे. जळते मी. लिहून टाकलं, तरी बरं वाटत नाहीये.

११ जून
के.चा मेसेज: "एक मुलगी आजारी पडून परत गेली. जागा रिकामी. इथल्या सरांकडे नाव द्यायची मुदत परवा."
म्हणजे मुदत टळून गेल्यावर मला कळवतेय. मुद्दाम. "थँक्स, मजा कर" लिहिलं आणि फोन पालथा टाकला. तिच्या आवडत्या कपात चहा प्यायले. विसळला नाही.

१३ जून
कॅम्पस बसमध्ये सुमेध भेटला, शेजारचा, नागपूरचा. के. कशी आहे ते त्यालाही कळू दे, म्हणून मेसेज दाखवला. वाचून म्हणाला, "अगं, हा येणारा परवा असेल ना?"
येणारा. म्हणजे आज. आणि इथे सकाळ असली तरी तिकडे संध्याकाळ होत आलेली.
उभ्याउभ्याच सरांना मेल केला. मग के.ला फोन. "मला वाटलं तुला यायचंच नाहीये. नुसतं थँक्स म्हणालीस. मी तर आधीच तुझं नाव सुचवलं होतं."
बस आमच्या स्टॉपच्या पुढे गेली.

१४ जून
सरांचं उत्तर नाही. के. म्हणते, "अजून एकाचं नाव आलंय, ठरवतायत. मी परत बोलू का त्यांच्याशी?"
म्हणजे मिळालंच तर तिच्या शब्दावर. माझ्या थीसिसच्या गावात ती पुढे चालणार आणि मला दाखवणार, हे बघ, ते बघ.
'राहू दे' टाइप केलं. खोडलं.
'बोल ना, प्लीज' पाठवलं. दात-ओठ खात.