मूर्तिजापूरपर्यंत धरलेली जागा

मूर्तिजापूर,
३ जून २००७

प्रिय दीक्षा,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, फार मनावर घेऊ नकोस. तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला, आणि तोही खोटं बोलून. पंचफुलाआईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना बघायला म्हणून अमरावतीला गेले. ऑपरेशन चांगलं झालंय. समोरच्या घरावरची पाटी त्यांना आता वाचता येते, आणि ती त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. मग चहा देताना विचारलं, “आमची दीक्षा तुले फोन करते ना वं?” करते म्हणाले. तू नंबर बदललास आणि मला दिला नाहीस, हे त्या माउलीला कुठं ठाऊक! नंबर मी मागितला नाही, कारण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास. पाकीट निदान फोडशील. डब्यातून त्यांनी तुझं एक जुनं पत्र काढलं, त्याच्या मागे पुण्याचा पत्ता होता. एकूण तुझ्यापायी त्या बाईशी दोनदा खोटं बोलले. तसा खोटारडी म्हणून शिक्का माझ्यावर बसलेलाच आहे, त्यात दोनची भर पडली इतकंच.

आता बातमी ऐक. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या बियाणं तपासणीच्या लॅबमधला मोठा कॉम्प्युटर मे महिन्यात मेला. अब्बा दरवर्षी सांगायचे की कूलरचं तोंड मशीनकडे करू नका, गारव्याबरोबर पाणीही जातं. माझ्या अब्बांचं, अब्दुल सत्तारांचं, आयुष्य कूलर बनवण्यात गेलं, पण त्यांचं ऐकायचं कोणी? आपल्या मालकांना, खुशालरावांना, वाटायचं, शेचाळीस डिग्रीत माणसाला लागतं ते मशीनलाही लागतं. शेवटी आतलं सगळं गंजून गेलं. खुशालराव म्हणाले, मागच्या खोलीत तो जुना कॉम्प्युटर आहे ना, लेबलं आणि पत्रं टाइप करायचा, त्याच्यावर सर्व्हर टाका आणि चालू करा, पेरण्या तोंडावर आल्यात, नमुने येऊन पडलेत. नमुन्यांच्या सगळ्या नोंदी ज्याच्यात राहतात तो डेटाबेस सर्व्हर बसवायचं काम नेहमी तुझं असायचं. मी फक्त शेजारी बसून शेंगदाणे खायचे. या वेळी माझ्यावर आलं, कारण दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

बसवला. इन्स्टॉल नीट झालं, शेवटी अभिनंदनसुद्धा आलं स्क्रीनवर. पण चालू करायला गेले की दोन सेकंद चालू दाखवायचा आणि आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. नागपूरच्या विक्रेत्याच्या इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणाला, काढून टाका आणि परत टाका. काढला, परत टाकला. दुसऱ्या वेळी ऐंशी टक्क्यांवर असताना लाइट गेली. तिसऱ्या वेळी पूर्ण झालं, पण तेच, दोन सेकंद आणि बंद. चौथ्या वेळी खुशालराव मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “दीक्षा असती तं आतापर्यंत झालं असतं.” हे ऐकून मला काय वाटलं असेल याचा तुला अंदाज यावा म्हणून मुद्दाम लिहितेय. स्क्रीनवर ती हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि मी तुला मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आमच्या मोहल्ल्यातल्या नळावरही कोणी दिल्या नसतील.

पंजाबराव तुला आठवतात का? तू विसरली असशील तर मी आठवण करून देते. चांदूर रेल्वेचे, उंच, कानात केस असलेले, सोयाबीनचं उरलेलं सीलबंद पाकीट घेऊन आले होते मागच्या जुलैत. पेरलेलं उगवलं नव्हतं. चारशे दाणे मी ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवले, आठव्या दिवशी त्यांच्यासमोर उघडले आणि त्यांच्यासमोर मोजले. शंभरात अडतीस. सत्तर तरी उगवायला हवेत. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांच्यासमोरच कॉम्प्युटरवर माझ्या नावानं अडतीस भरले. चार दिवसांनी खुशालरावांच्या सहीचा रिपोर्ट त्यांच्या हातात पडला, त्यात अठ्ठ्याहत्तर. मोजणीची कार्डं कपाटातून नाहीशी झालेली. त्यांनी बियाणं कंपनीवर ग्राहक मंचात केस केली, मला साक्षीला बोलावलं, मी अडतीस म्हणाले. कंपनीच्या वकिलानं आपल्या लॅबचा प्रिंट पुढे केला. अठ्ठ्याहत्तर, आणि नोंद करणाऱ्याचं नाव महेजबीन. वकील गोड आवाजात म्हणाला, बाई, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलताय, एवढंच सांगा. मंचातली माणसं हसली. मागच्या बाकावर अब्बा बसले होते, ते मात्र खाली बघत होते.

माझा पासवर्ड दोघींनाच माहीत होता. अब्बांच्या स्कूटरचा नंबर. त्याला तू किती हसायचीस! म्हणजे ते अठ्ठ्याहत्तर कोणी केलं हे मला त्या बाकावरच कळलं होतं. तू तोवर पुण्याला पोचली होतीस. घरी येऊन आधी तुला फोन लावला, तर तो नंबर अस्तित्वातच नव्हता. खुशालरावांनी मला काढलं नाही, काढून त्यांना परवडलं नसतं. “तुमी आता लेबलं छापा, दाणे मोजायचं काम तुमचं नाही,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून लेबलं छापतेय. पंजाबराव दर बुधवारी येतात, भाकर बांधून आणतात, बाकावर बसून खातात आणि एकच विचारतात, “मी खोटं बोलत नाही, तुमीबी बोलत नाही, मंग बाई, खोटं बोलते कोन?” सगळी लॅब त्यांना कंटाळली आहे. मी नाही कंटाळले, कारण माझ्यावर विश्वास असलेला जगात तेवढा एकच माणूस उरला होता, अब्बांचाही डळमळला होता.

तर चौथ्यांदा काढून टाकायला बोट उचललं आणि तुझं बोलणं आठवलं. आठवायचं नव्हतं, तरी आठवलं. “काढून टाकणं सोपं असते वं, आधी लॉग वाच. मशीन खोटं सांगत नाही, आपन वाचत नाही.” लॉग म्हणजे सर्व्हर स्वतःबद्दल लिहून ठेवतो ती फाइल. उघडली. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की मला बसायला जी जागा ठरलेली आहे, तिथे आधीच कोणी बसलेलं आहे. दोन दिवस मी नव्या सर्व्हरला दोष देत होते आणि तो बिचारा उभ्यानं परत जात होता.

ती जागा म्हणजे पोर्ट, आणि पोर्ट म्हणजे काय हे तू मला एसटीत शिकवलं होतंस. तू अमरावतीहून बसायचीस, मी मूर्तिजापूरला. तिथे गाडी येईपर्यंत पाय ठेवायला जागा नसायची. पण तुझ्या शेजारच्या सीटवर तुझी ओढणी पसरलेली असायची, आणि तिच्यावरून अमरावतीपासून तू अर्ध्या गाडीशी भांडत आलेली असायचीस. एकदा तर कंडक्टरशीही. मी दारात दिसले की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडायचीस, “महेजबीन, इकडे ये वं!” मला लाज वाटायची. सर्व्हरचंही असंच असतं, म्हणाली होतीस, ज्याचा नंबर त्याची सीट, एका सीटवर दोघं बसत नाहीत. दोन वर्षं रोज मी त्या सीटवर बसून अकोल्याला आले, आणि मला वाटायचं, आपल्यासाठी कोणीतरी जागा धरतं ही काही विशेष गोष्ट नाही, ती असतेच.

लेबलं छापायच्या मशीनवर दुसरा सर्व्हर कुठून आला? शोधला. कॉम्प्युटर चालू झाला की तोही गुपचूप चालू होत होता, कोणी न सांगता, दहा महिने. तो ज्या फोल्डरमध्ये होता त्याचं नाव ‘मूर्तिजापूर’. नाव आणि पासवर्ड मागितला. नाव माझं टाकलं. पासवर्ड मी त्या साक्षीनंतर सगळीकडे बदलला आहे, पण इथे स्कूटरचा नंबर टाकला, आणि पहिल्या फटक्यात उघडलं. आत आपला सगळा डेटाबेस, १४ जुलैच्या सकाळी अकरा वीसपर्यंतचा. पंजाबरावांचा नमुना काढला. अडतीस. नोंद करणाऱ्याचं नाव महेजबीन. मी रडले, आणि रडताना तुझा इतका संताप आला की की-बोर्ड उचलून आपटावासा वाटला.

कारण मग मी ते अठ्ठ्याहत्तर कधी झालं तेही बघितलं. मेलेल्या मशीनचा बॅकअप माझ्याकडे आहे. त्याच दिवशी, दुपारी बारा पाच. म्हणजे आधी तू खरं ते नीट झाकून ठेवलंस आणि पाऊण तासानं माझ्या नावानं खोटं लिहिलंस. त्याच मशीनवर तुझं शिफारसपत्रही सापडलं, तारीख तीच, वेळ संध्याकाळची. ते पत्र खुशालरावांनी सांगितलं आणि मी टाइप केलं होतं. ‘विश्वासू’ हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता, तो मी पदरचा घातला होता. तुला पुण्याची नोकरी लागावी म्हणून मी आठ दिवस अब्बांना दुआ मागायला लावली होती. खुशालरावांनी तुला काय दाखवलं, काय धमकी दिली, मला ठाऊक नाही. तुझ्या घरची एकटी कमावती तू, हे मलाही समजतं. पण तू मला एका शब्दानं सांगायला हवं होतंस. आपण दोघी मिळून घाबरलो असतो. तू एकटीच घाबरलीस आणि माझ्या वाटचा निर्णयही घेऊन मोकळी झालीस. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, आणि पत्राच्या शेवटी करेन अशी वाट बघत असशील तर बघू नकोस.

तुझा सर्व्हर मी उठवला नाही. नव्याला शेजारचा नंबर दिला आणि तो लगेच सुरू झाला. खुशालराव म्हणाले, “झालं एकदाचं!” आता एकाच डब्यात दोन्ही चालतात, एक अठ्ठ्याहत्तर सांगणारा आणि एक अडतीस. त्यांना अजून पत्ता नाही. सगळं सीडीवर उतरवून घरी आणलंय, आणि पंजाबरावांच्या वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, चांगलं आहे, पण अशी कॉपी तर साक्षीदार बाई परवासुद्धा बनवू शकतात. जिनं तेव्हा बनवली तिनं उभं राहून सांगितलं तर उपयोग. म्हणून शुक्रवारी आम्ही मंचात अर्ज दिला, त्यात साक्षीदार म्हणून तुझं नाव आहे. समन्स तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल आणि कदाचित तुझ्या साहेबाच्या हातात पडेल. ते तुला आधी माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी हे पत्र. तारीख २२ जून, अमरावती, सकाळी अकरा. तू आलीस तर तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे. तू आली नाहीस तर मी आणि पंजाबराव जन्मभर खोटारडे, हे तुला माहीत असू दे. त्या दिवशी मूर्तिजापूरहून सातच्या गाडीनं मी निघेन, अब्बाही येतील. मंचात साक्षीदारांच्या बाकावर माझ्या शेजारी ओढणी पसरून ठेवेन, आणि कोणी कितीही भांडलं तरी उचलणार नाही. दहा महिने त्या मशीनमध्ये तू माझ्यासाठी जागा धरून ठेवलीस, दीक्षा, पण हाक मारली नाहीस. म्हणून आता मी मारतेय, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी. इकडे ये वं.

तुझीच (खोडणार होते, राहू दिलं),
महेजबीन