माझ्या हातची गोळी

प्रिय अश्विन,

तू भंडाऱ्याच्या या दवाखान्यात आत आहेस, मी बाहेरच्या बाकावर. नागपूरहून अँब्युलन्स निघाली आहे. ती येईपर्यंत लिहिते.

हृदयाला पंप बसवून आपण साकोलीला परतलो, त्या दिवशी परसरामकाका तुझं मनगट धरून बसले होते. ‘नाडीच नाही लागून राहिली गा,’ म्हणाले. तू म्हणालास, ‘काका, मी कधीचाच मेलो. हिले सांगू नका.’ सगळे हसले. मी पंपाच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायला आत गेले. तुझ्या छातीत ठोका नाही, नुसती गुणगुण आहे, लांबच्या राईस मिलसारखी. मला आता तिची सवय झाली आहे.

गेल्या महिन्यात तुला काळी संडास होऊ लागली. तू लपवलंस. तुझ्या पांढऱ्या नखांवरून मला कळलं. इथल्या एका डॉक्टरांनी बीपी बघायला दंडाला पट्टा बांधला, मशीनने आकडाच दाखवला नाही. पोटात रक्त जातंय, म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून बघावं लागेल, पण पंपवाल्या पेशंटला मी हात लावणार नाही. घरी येऊन तू म्हणालास, ‘नळी नाही घालून घेत मी. जे होईल ते होईल.’

मग मीच ठरवलं. पंपासाठी चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी थांबवली की रक्त थांबेल, दुर्बीण लागणारच नाही. रोज संध्याकाळी तुझ्या तळहातावर गोळी मीच ठेवते. नऊ दिवस तशीच दिसणारी ताकदीची गोळी ठेवली. तू न बघता गिळलीस, कॅलेंडरवर खूण केलीस.

आज सकाळी तुझ्या कमरेला बांधलेल्या पंपाच्या डब्यावरचा आकडा चढला, अलार्म वाजला. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर गोळीचं विचारलं. तू म्हणालास, ‘एक दिवस नाही चुकली सर. बायको देते.’

मघाशी बाहेर येऊन मी त्यांना फोनवर खरं सांगितलं. पंपात गुठळी झाली असावी, म्हणाले. आता रक्त पातळ करावं तर पोटातून वाहील, न करावं तर पंप थांबेल. दुर्बीण त्यांनी अशा पेशंटना केली आहे, पंपाची टीम शेजारी उभी ठेवून. तिची एवढी भीती नव्हती, म्हणाले. गोळी विचारल्याशिवाय थांबवायची नव्हती.

अँब्युलन्समध्ये मी तुझ्यासमोर बसेन, पण बोलणं जमणार नाही. हा कागद बॅटऱ्यांच्या पिशवीत ठेवते. नागपूरला भूल उतरून शुद्धीवर आलास की सवयीने माझ्यापुढे हात करशील. त्याआधी हे वाच. मग माझ्या हातची गोळी घ्यायची की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
रत्नमाला