मोठ्या अक्षरात

अमरावती,
९ जानेवारी २०२६

आदरणीय मामा,

जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकते थोडीच! मंगळवारनंतर तुम्ही अकोल्याला घरी गेलात ते फोनच उचलत नाही, म्हणून तिकडे निघालेल्या नत्थुजींच्या हाती ही चिठ्ठी देते आहे.

सर्वेक्षणाचा निकाल लागला. कामगार सुरक्षेबद्दल कितपत मोकळेपणानं बोलतात, हे बघायला दिल्लीच्या मॅडम आल्या होत्या ना? आपल्या उड्डाणशाळेचं हँगर पहिलं आलं. 'वरिष्ठांची चूक दिसली तर बोलता का?' या प्रश्नावर सगळ्यांनी 'नेहमी' अशी खूण केली. मीही. साहेबांनी पेढे वाटले. आता असं बोलायला इतरांना शिकव म्हणून मला सोमवारपासून नागपूरला धाडतायत. हसू नका, मी घरी येऊन रडले.

सोमवारपासून तुमच्यासाठी बघणार कोण?

तुम्ही टॉर्च धरायचा, "नीलम, पाह्य बरं" म्हणायचं. मी "ठीक आहे मामा" म्हटलं की तुमची सही, आणि विमान उडायला मोकळं. साखरेनं तुमची नजर नेली, हे आपण दोघं एकदाही बोललो नाही. मामीलाही पत्ता नाही. मला वाटायचं, मी मामाची लाज राखतेय.

मंगळवारी मला उशीर झाला आणि तुम्ही एकट्यानं सही केलीत. पुढच्या चाकाच्या दांड्याला तडा होता, मामा. आकांक्षा पट्टा बांधून आत बसली होती, पहिल्यांदाच एकटी उडणार होती पोरगी. मी ओरडत धावले म्हणून ती उतरली. साहेबांना मीच सांगितलं, तडा आत्ताच पडला असेल. आणि तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "मले शिकवून राहिली का? तुले इथं कोनं लावलं?"

तुम्हीच लावलंत. ते मी कधी विसरले?

सोमवारी सकाळी साहेबांना तुम्ही स्वतः सांगा. नाहीतर नागपूरच्या गाडीत बसण्याआधी मी सांगेन. मग तुमचं दार मला बंद होईल, आई तोंड फिरवेल, सगळं कळतं मला. पाया पडते मामा, मला सांगायला लावू नका.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुम्हाला एकट्याला वाचता यावं म्हणून. तरीही वाचता आलं नसेल, तर आत्ता हे मामीच वाचून दाखवत असतील.

मामी, थांबू नका. त्यांचा हात धरा आणि सोमवारी त्यांच्यासोबत या.

तुम्हा दोघांचीच,
नीलम