ओळखीची माणसं

३ मार्च
पोचले. खोली छान आहे, टेबल अगदी खिडकीशी. घरमालकीणबाईंनी स्वतः चादर घालून दिली आणि म्हणाल्या, एवढीशी काडी सरकारी नोकरीत टिकायची कशी? दोघी पोटभर हसलो. उद्यापासून चौकशी कार्यालयात कारकून. कम्युनिस्ट कोण, त्यांच्यात ऊठबस कुणाची, हे तिथे शोधतात. मी शाळेत गेले ती फार उशिरा, आधी बाबांनी घरीच शिकवलं. नोकरी मिळाली ती अक्षरावर.

५ मार्च
काम सोपं आहे. जबानीत येईल त्या माणसाचं कार्ड करायचं: नाव, धंदा, पत्ता आणि खाली ‘ओळखीची माणसं’. मग त्या माणसांची कार्डं. एका शिंप्याचा शेवटचा रकाना मी कोरा सोडला. हेडक्लार्कनी कार्ड परत आणून दिलं. आवाज जराही चढला नाही.

“ताई, रिकामा रकाना म्हणजे लपवलेलं नाव.”

जबानी पुन्हा वाचली. त्याच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या एका शिक्षिकेचा उल्लेख होता. तिचं नाव घातलं. शाबासकी मिळाली.

९ मार्च
त्या शिक्षिकेला शाळेतून काढलं.
आजच्या जबानीत कामगारांचा एक वाचनवर्ग आला. बाबांनीही असाच वर्ग चालवला होता, त्यापायीच त्यांची नोकरी गेली. त्यांचं नाव अजून कुठे नाही. प्रत्येक कागद हातात आला की आधी तेवढंच शोधते.

१४ मार्च
घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. दार उघडलं नाही. माझ्याशी बोलल्या तर उद्या त्यांचंही कार्ड होईल. जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या की बाईसाहेबांना आता शिंगं फुटली. फुटू देत.
बाबांना पत्र टाकलं नाही. पाकिटावर पत्ता येतो.

१९ मार्च
शेजारची टायपिस्ट आली नाही. मला रोज ‘आजीबाई’ म्हणून चिडवायची. तिच्या खुर्चीवर फायली रचल्यात. कुणी काही विचारलं नाही. मीही—

२२ मार्च
आठवडाभर कुणाशी एक शब्द नाही. दुकानात बोटानेच दाखवते. दुकानदार मला मुकी समजतो. बरं आहे.

२४ मार्च
टायपिस्टच्या जबानीत माझं नाव. शेजारी बसते, एवढंच.
हेडक्लार्कनी कोरं कार्ड पुढ्यात ठेवलं. म्हणाले, तुमचं तुम्हीच भरा, घरी न्या, सकाळी मी येऊन घेऊन जाईन. ओळखीचं माणूस मात्र कार्यालयाबाहेरचं हवं.

२५ मार्च
नाव, धंदा, पत्ता. भरलं.
घरमालकीणबाई— त्या आता बघतही नाहीत माझ्याकडे. दुकानदाराला तर माझा आवाजही—
सगळ्यांना दूर ठेवलं, सगळी बचावली. मला ओळखणारं जगात एकच माणूस उरलं. बाबा.
खोटं नाव घालावं तर ते कुणाचं तरी खरं असेल. कोरं ठेवावं तर—
जिन्यात पावलं. हेडक्लार्क. बाहेरूनच म्हणाले, घाई नाही, थांबतो मी.
रकान्यात नुसती रेघ मारणार आहे. रेघच. पेन टेकलंय, पण हात बाबांचं नाव—