टिंबापाशी

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न.

आई गेल्यावर तिचा वर्ग अखेर मलाच मिळाला. मुलं मला धाकट्या बाई म्हणतात. थोरल्या कोण, ते विचारायला नको. तिची खुर्ची मी कोपऱ्यात सरकवली होती. सकाळी ती पुन्हा फळ्याजवळ. शिपाई म्हणतो, त्याने हात लावलेला नाही.

दशांशांची बेरीज आईने गेल्या वर्षी पक्की करून घेतली आहे. टिंबाखाली टिंब, रिकाम्या जागी शून्य. १२.५ मध्ये ३.७५ मिळवताना एकाचंही चुकलं नाही. पण ताई, उजवीकडून बेरीज करत टिंबापाशी आले की सगळे थांबतात. पेन्सिल खाली. डावा तळवा बाकावर सपाट, खांदे वर, तोंड उघडं. सगळा वर्ग एकदम. मग टिंब देऊन पुढे जातात. विचारलं, तर म्हणाले की इथे थांबायचं असतं.

चाचणीत निम्म्या मुलांचा पेपर अपुरा राहिला. महिनाअखेरीस परीक्षा आहे. त्यात मागे पडली, तर वर्षभर कच्च्या तुकडीत बसतील. काय करू?

माझ्यावर लोभ असू दे, वेंधळी असले तरी.

तुझी धाकटी


१७ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

ड्यूटी संपल्यावर कपडेही न बदलता तुझं पत्र वाचलं. तळवा सपाट, खांदे वर, तोंड उघडं. असे पेशंट आमच्या वॉर्डात रोज असतात. आई फळ्याला हात टेकून दम घेत होती, आणि मुलांना वाटलं हीच रीत. मला फोनवर म्हणायची की तू तुझे पेशंट सांभाळ, मी ठणठणीत आहे.

ही सवय मोड. लहान मुलांच्या अंगात आईचं दुखणं राहता कामा नये. तुला तिची आठवण म्हणून ते हवंसं वाटेल, मी ओळखते तुला. तरी मोड. आणि वेळेवर जेव. फोटोत तुझी गालफडं बसलेली दिसतात.

आशीर्वाद आहेतच; रागावते तेव्हा जरा जास्त.

ताई


२४ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तुझं ऐकलं. वर्गाला सांगितलं की ती रीत नव्हती, बाईंना दम लागायचा. कुणीही दचकलं नाही. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली की ते त्यांना माहीत होतं. बसा म्हटलं की बाई ओरडायच्या. म्हणून सगळ्यांनी आपसांत ठरवलं की टिंबापाशी आपणही थांबायचं. म्हणजे बाईंना वाटणार नाही की त्या एकट्याच थांबल्या.

मी म्हटलं, आता बाई नाहीत, आता थांबायला नको. चष्मेवालीने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. घाई केली तर त्या मागे राहतील, म्हणाली.

मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि बेरीज घातली. टिंब आलं. वर्ग थांबला. त्या शांततेत माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतला. माझा नव्हता तो, माझा मी धरून ठेवला होता. हसू नकोस.

मी पुन्हा थांबू नका म्हटलं नाही. मुख्याध्यापकांकडे परीक्षेसाठी जास्त वेळ मागितला. देतो म्हणाले, पण कारण लेखी द्या.

कारण काय लिहू, ते लगेच कळव. जेवते आहे. लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी