अ‍ॅम्बेसेडरची असली चाकं

३ नोव्हेंबर, सकाळ
बादलले नवा ट्रॅक्टर ठेवाले शेड पाह्यजे. म्हने, बाबा, तुमची अ‍ॅम्बेसेडर भंगारात देऊ. पोटचा पोरगा! ह्याच गाडीनं अनसिंगहून पोहरादेवीले अर्धा तालुका नेला मी. भांडून निकाल लागला. जुन्या गाड्यायच्या रॅलीवाला नागपूरचा मानूस रविवारी येते. चाकं न् त्यायच्या मधातल्या टोप्या असली निघाल्या त गाडी राहीन. नाही त जाईन. काय मोठं काम हाय? चाकं माह्याच हातची.

४ नोव्हेंबर
सून निता मोबाइल पाहून राह्यली. म्हने, मामाजी, असली चाकाले आतून कंपनीचा शिक्का असते, टोपीवर नाव असते. म्या म्हटलं, मोबाइलनं गाडी चालवली काय? तरी वाकून पाह्यलं. कंबर धरली. शिक्का दिसेच ना. दर दसऱ्याले चाकाले शेंदूर-तेल, दिवाळीले वरतून ऑइलपेंट. थर भाकरीएवढा.

६ नोव्हेंबर
घरवाली भुरीबाई म्हने, अजी, डिझेलचा फडका बांधून ठेवा, थर फुगून निघन. बाईमानसाले सारं लोनच्यावानी मुरवाचं. टाइम कोनाले हाय? उद्या वेल्डिंगवाल्या मदनसिंगचा ग्राइंडर आनतो.

७ नोव्हेंबर, दुपार
झालं! चारही चाकं आरशावानी. टोपीत पाहून दाढी करा. शिक्का नाही, नाव नाही. म्हंजे नव्हतंच. मोबाइल खोटा. मदनसिंग म्हने, काका, पातं लय खोल गेलं. ग्राइंडर त्याचा न् नाट माह्या कामाले.

९ नोव्हेंबर
नागपूरवाला आला. बॅटरी मारून पाह्यलं. म्हने, असली असतीनही, पन आता ब्रह्मदेव बी नाही सांगू शकत. कोनं घासलं? म्या म्हटलं, रस्ते खराब हायेत. भुरीबाई पदरात हसली. मंग त्यानं डिक्कीतली स्टेपनी काढली. तिले कदी शेंदूर लावलाच नाही. शिक्का ठसठशीत! म्या म्हटलं, पाह्य! तो म्हने, काका, एका चाकावर रॅली होत नाही.
बादल फोन लावाले बाहीर गेला.

१२ नोव्हेंबर
भंगारवाल्याचा ट्रक रोडवर उभा. गाडी शेडातून काढाची त स्टेअरिंग धराले कोनी नाही. बादलले हे जुनं स्टेअरिंग जमत नाही. मीच बसलो. मांगून बादल न् निताचा धक्का. निता वरडे, मामाजी, ब्रेक काहून मारून राह्यले? मारला नव्हता. पाय तसाच पडला असन.
रोडपावतर सरळ नेली. कुठी घासू देल्ली नाही. भंगारवाला म्हने, वा काका, हात अजून पक्का हाय.