तुरटी आणि पांढरं औषध

४ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आईच्या रक्तात ॲल्युमिनियम वाढलंय, हे तुझ्या पत्रातून कळलं आणि डोकं फिरलं. आधीच तिची मूत्रपिंडं अधू, ते बाहेर पडायचं कुठून? तुरटीतही तेच असतं, पिण्याच्या पाण्यात ती फिरवू नकोस म्हणून शंभरदा सांगितलं. पण ऐकशील तर ताई कसली! आंबट भाज्याही त्याच जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात. तुझ्या भरवशावर तिला ठेवलं, हेच चुकलं. येत्या रविवारी मी तिला कायमची इकडे आणतो. खोली रिकामी केली आहे.

राग मानायचा तर खुशाल मान, लोभ मात्र तोडू नकोस.

तुझा,
ठेंगू

६ जून

चि. ठेंगूस, अ. उ. आ.

चोराच्या उलट्या बोंबा. तुरटी मी गाळ बसण्यापुरती फिरवते आणि वरचं निवळ पाणी तेवढं घेते. दाढी झाली की तू गालावर फिरवतोस ती काय खडीसाखर? काखेत फवारतोस त्या डब्यावरही ॲल्युमिनियमच लिहिलंय, चष्मा लावून वाच. पातेलं कालच मोडीत दिलं, तुझं समाधान.

आता ऐक. डॉक्टरांनी घरातली सगळी औषधं मागवली. आईच्या उशाशी तू आणतोस ती जळजळीवरच्या पांढऱ्या औषधाची बाटली निघाली. त्यावर ठळक छापलंय, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. अशा मूत्रपिंडांना हे चालत नाही, असं त्यांनी आईला मागेच बजावलं होतं म्हणे. आणणारा तू, पिणारी ती, आणि खापर माझ्या डोक्यावर! का घेतलंस म्हणून विचारलं तर आईने कागद मागितला. त्यालाच लिहिते म्हणाली. तिची चिठ्ठी याच पाकिटात घातली आहे.

फार रागावलेली, तरी तुझीच,
ताई

चि. ठेंगूस, अ. आ.

ताईला एक शब्द बोललास तर याद राख. डॉक्टर नको म्हणाले होते, मला ठाऊक होतं. पण मी बरी आहे म्हटलं की तू म्हणायचास, मग पुढच्या महिन्यात यायचं बघू. औषध संपलं म्हटलं की रविवारी सकाळी दारात हजर. पोटात काही जळत नव्हतं रे. बाटली संपायला हवी म्हणून चमचे गिळत होते. मोरीत ओतायला जीव होईना, तू आणलेली.

तुझ्या रिकाम्या खोलीत मी यायची नाही. तू दिवसभर कामावर, मी भिंतींशी बोलू? आईला भेटायला आईचं दुखणंच लागतं का तुला? रविवारी ये. हात हलवत आलास तरी चालेल.

आई